मिरगानंतरचं माप

बबनभाऊ, तुमच्या वहीत अकरा वर्षांत एक खाडाखोड नाही. कुठल्याही गावात पाण्याचे नमुने घ्यायला गेले की मी तुमच्या वहीचं उदाहरण द्यायचे. तारीख, टाकी किती भरली, पावडर एक माप, शेवटच्या नळाला क्लोरीन किती, खाली तुमची सही. तुम्ही गेलात त्याला आज पंचवीस दिवस झाले, आणि मला कळलंय की ती वही दर वर्षी पाच महिने धडधडीत खोटी आहे. तेव्हा हे मी थोडं भांडायलाच लिहितेय. रडून झालंय. दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, भाऊंचं काही राहिलं नव्हतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही टाकीच्या शिडीवर उभं राहून ब्लीचिंग पावडर मुठीमुठीने आत फेकत होता, शेतात खत टाकावं तशी. टाकवे बुद्रुकच्या पुढचं तुमचं गाव, एक लाख लिटरची टाकी, आणि डोंगराच्या अंगाला वरची वाडी, जिथे तुमच्या पाइपलाइनचा शेवटचा नळ. मी तळेगावच्या प्रयोगशाळेत नवीन होते, रोज लोणावळ्याहून ये-जा करायचे आणि माझ्या पिशवीत कायम एक कॅल्क्युलेटर असायचा. तुम्हाला मी खाली बोलावलं आणि विचारलं, किती टाकता? तुम्ही म्हणालात, "लागंल तेवढी." ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

मग सुरू झाली आपली शाळा. पोत्यावर लिहिलेलं असतं, उपलब्ध क्लोरीन तेहतीस टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत कामाचं क्लोरीन फक्त तेहतीस ग्रॅम, बाकी चुना. हे समजावल्यावर तुम्ही पोत्याकडे बघत म्हणालात, "पस्तिसाला पास आस्तंय ना ताई? मग ही दोन मार्कानं नापास झाली की." मी हसले नाही. त्या वेळी मी कामावर हसत नसे. खडूने पंपघराच्या भिंतीवर सूत्र लिहिलं: टाकीतले लिटर, गुणिले हवे तेवढे पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, भागिले टक्केवारीची दहापट. एक लाख लिटर, दोन पीपीएम, तेहतीस टक्के. उत्तर आलं सहाशे सहा ग्रॅम.

"सहाशे धरू," तुम्ही म्हणालात. "सहा ग्रॅमानं काय हुतंय?"

काही होत नाही, हे मला मान्य करावं लागलं. तुम्ही असे खूश झालात की जणू घासाघीस करून भाव पाडला.

माप करायचं ठरलं. तुम्ही घरून लोखंडी शेर घेऊन आलात, भात मोजायचा. क्लोरीनने एका उन्हाळ्यात त्याची चाळण केली आणि घरी तुम्ही बोलणी खाल्लीत. मग तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं बूड कापलं. बसकं, रुंद, प्लॅस्टिकचं. मी तराजू आणला होता. तुम्ही ब्लेडने कड तासायची, मी भरून वजन करायचं, परत तासायची. अर्धी दुपार गेली त्यात. शेवटी वर पट्टी फिरवून सपाट केलं की बरोबर सहाशे ग्रॅम यायला लागले. पट्टी माझीच होती, शाळेतली लाकडी फूटपट्टी, मागे माझं नाव कोरलेली. ती मी तुम्हाला देऊन टाकली.

तेव्हाच तुम्ही कुरकुरला होतात. पट्टी हातात घेऊन म्हणालात, "ताई, दुसऱ्याला द्यायच्या मापावर आमच्यात पट्टी फिरवत न्हाईत. शीग लावायची आस्ती."

शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जी टेकडी राहते ती. कुणाला भात द्यायचा तर ती टेकडी ढासळू न देता द्यायची, ही तुमच्याकडची रीत. मी म्हटलं, "भाऊ, हा भात नाही."

"म्हनून तर म्हंतोय," तुम्ही म्हणालात. "ह्ये तर समद्यांचं पानी हाय."

मी पट्टी तुमच्या हातून घेतली आणि मापावरून फिरवून दाखवली. विषय संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर तुम्ही बादलीत पावडर कालवायचात, अर्धा तास ठेवायचात, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत सोडायचात. सगळं मी सांगितलं तसं. रोज शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणाऱ्या औषधाचे, थेंब टाकायचात, आणि पिवळ्या पाण्याचा फोटो ग्रुपवर यायचा. बरोबर आठ वाजता, सोबत "सुप्रभात" आणि एक गुलाब. शून्य पूर्णांक दोन. गुलाब. परत शून्य पूर्णांक दोन. पावसाळ्यात बाकीच्या गावांचे आकडे डळमळायचे, फोनवर फोन व्हायचे. तुमचा आकडा जागचा हलायचा नाही. मी त्या गावांना म्हणायचे, बबनभाऊंसारखं तक्त्याप्रमाणे करा. किती लिटरला किती पावडर याचा माझा तक्ता मी लॅमिनेट करून तुमच्या पंपघराच्या भिंतीवर लावला आणि नवलाख उंबऱ्याच्या बाजूच्या गावांपर्यंत वाटला, तुमच्या आकड्यांच्या जोरावर. आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की ताई, जरा थांबा.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते. तुमच्या जागी टाकीचं काम सुरेखाने घेतलं, तुमच्या सुनेने. सुतक संपायच्या आधीपासूनच ती करत होती, कारण पाण्याला सुतक नसतं असं म्हणे तिनेच ठणकावून सांगितलं. पहिले तीन दिवस आकडा जरा फिका. चौथ्या दिवशी पाणी पिवळं व्हायचं थांबलं. शेवटच्या नळाला शून्य, दुसऱ्या दिवशी परत शून्य. वाडीतल्या दोन मुलांना जुलाब सुरू झाले. दोघं बरी झाली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

मी आले. वही बघितली: एक माप, एक माप, एक माप. मला वाटलं, नवीन आहे, घाबरत असेल, कमी टाकत असेल, नाहीतर घरच्या धांदलीत एखादा दिवस विसरत असेल आणि वही भरून ठेवत असेल. मी तिला तसं विचारलं, आणि विचारलं म्हणजे काय, झापलंच. ती म्हणाली, "न्हाई ओ ताई, रोज टाकते मी." मी शेरा लिहिला: कर्मचाऱ्याकडून मात्रा कमी पडत आहे. भाऊ, तो शेरा ग्रामपंचायतीत गेला. तिथे लगेच कुजबुज सुरू झाली की बाईमाणसाला हे झेपायचं नाही, दुसरा माणूस बघा. तुमच्या घरात आलेलं ते एकमेव बांधल्या पगाराचं काम, आणि मी एका ओळीत ते घालवायला निघाले होते.

चार दिवसांनी परत आले. अजून शून्यच. या वेळी म्हटलं, माझ्यासमोर कर. सुरेखाने माप भरलं, खुंटीवरची माझी फूटपट्टी काढली, सर्रकन फिरवली. इतकं सफाईने सपाट माप मी प्रयोगशाळेतसुद्धा बघितलं नव्हतं. तराजूवर ठेवलं. सहाशे ग्रॅम. मी तिथेच पोत्यावर बसले.

सुरेखाने पट्टी परत खुंटीला लावली. मग म्हणाली, "ताई, रागवू नका. आबा मिरगापासनं पट्टी लावतच न्हवते."

"म्हणजे?"

"मिरगाचा पाऊस लागला की पट्टी खुटीला. दिवाळी झाली का परत हातात. तवर शीग लावूनच टाकायचे."

"पण मी समोर उभी असताना तर पट्टी फिरवायचे!"

तिने पदर तोंडाला लावला. हसू लपवत होती की रडू, मला कळलं नाही. "तुमी आला की फिरवायचे. तुमची गाडी वळली का राहिल्याली शीग आनून टाकायचे."

भाऊ, मला तुमचा इतका राग आला! अकरा पावसाळे तुम्ही मला सरळ गंडवलंत. पावसाळ्यात आले की किती साळसूदपणे पट्टी फिरवून दाखवायचात, आणि वर विचारायचात, "बरुबर हाय ना ताई?"

"मग तू का नाही शीग लावलीस?" मी सुरेखाला विचारलं.

"आबा म्हातारं मानूस. त्यास्नी कोन बोलनार? मी कागद सोडून येक चिमूट जास्त टाकली तर मला उद्याच्याला काढत्याल. तुमीच सांगितलं व्हतं, भितीवरचा कागद सोडून काय करायचं न्हाई."

सांगितलं होतं. याच शब्दांत सांगितलं होतं.

त्याच पोत्यातली पावडर डबीत भरून नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला घेतली. दर वर्षी मी हे करते, भाऊ, पण एप्रिलमध्ये, नवीन पोती आली की. एप्रिलमध्ये तेहतीस येतं, मी सही करते, आणि वर्षभर तेच तेहतीस सगळ्या गणितात वापरते. ओलीने ब्लीचिंग पावडरीतलं क्लोरीन उडतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात आहे. मी स्वतः शिकवते. पण पोत्याला आत प्लॅस्टिकची पिशवी आहे, तोंड बांधलेलं आहे, जाऊन जाऊन एखादा टक्का जाईल, असं मी धरून चालले होते. तुमच्या पंपघराच्या भिंतींना श्रावणात हात लावला तर हात ओला होतो, हे मला अकरा वर्षं दिसत होतं. मी त्याच भिंतीवर सूत्र लिहिलं होतं आणि दर पावसाळ्यात ते ओघळायचं.

सव्वीस टक्के आलं. परत केलं. सव्वीसच.

मग मी कागद घेतला. सहाशे ग्रॅम, तेहतीस टक्के: टाकीत एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम क्लोरीन जातं. तेच सहाशे ग्रॅम सव्वीस टक्क्यांनी: एकशे छप्पन्न. बेचाळीस ग्रॅम कमी. वाडीच्या नळापर्यंत जे थोडंसं उरायचं ते या बेचाळीस ग्रॅममध्येच होतं. सुरेखाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिने माझा तक्ता तंतोतंत पाळला होता, आणि म्हणून वाडीतली मुलं आजारी पडली.

दुपारी परत टाकीवर गेले. सुरेखाला म्हटलं, आबा लावायचे तशी शीग लाव. तिने माप भरलं, बोटांनी हळूच टेकडी रचली. पावसाळ्यातली पावडर जरा चिकट असते, टेकडी चांगली उभी राहते. तराजूवर सातशे पन्नास ग्रॅम. सव्वीस टक्क्यांनी त्यातलं क्लोरीन एकशे पंच्याण्णव. माझ्या कागदावर एकशे अठ्ठ्याण्णव आणि तुमच्या टेकडीत एकशे पंच्याण्णव! तीन ग्रॅमचा फरक, भाऊ, ना बुरेट, ना कॅल्क्युलेटर, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. अंदाज कशाचा, तर रोज सकाळी त्या पिवळ्या पाण्याकडे बघून केलेला. मला राग यायचा थांबला नव्हता, पण डोळे भरून आले. सुरेखाने विचारलं, "काय झालं ताई, चुकलं का?"

घरी जाताना गाडीत मी तुम्हाला मनातल्या मनात फैलावर घेत होते. का नाही सांगितलंत? एक शब्द बोलला असतात तर मी दर महिन्याला पावडर तपासली असती, तक्त्यात दुसरा रकाना घातला असता, तो तक्ता ज्या ज्या गावांत गेला तिथलं पावसाळ्यातलं पाणीही सुधारलं असतं. तुमचं शहाणपण तुमच्याच टाकीपुरतं राहिलं. मी वही का लिहायला लावत होते? तुम्ही नसलात तरी टाकी चालावी म्हणून. आणि तुम्ही वहीत लिहिलंत "एक माप." कामशेत गेलं, मळवली गेलं, आणि लोणावळ्याच्या अलीकडे मला अचानक आठवलं.

तुम्ही सांगितलं होतं.

मला काम धरून वर्षही झालं नव्हतं. वडगावला प्रशिक्षण होतं, पन्नासेक गावांचे लोक, हॉलमध्ये पंखे घरघरत होते. मी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि शंका विचारा म्हटलं. मागच्या रांगेत तुम्ही उठून उभे राहिलात, टोपी हातात घेऊन. म्हणालात, "ताई, मिरगानंतर ही पावडर मरती."

आणि मी काय म्हटलं ते आठवतंय तुम्हाला? मला आता शब्दन् शब्द आठवतोय. मी म्हटलं, "भाऊ, पावडर मरत नाही. माणसं मरतात, चुकीच्या मात्रेने. पोत्यावर काय लिहिलंय ते वाचत जा." सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. कामावर न हसणारी मी, तेव्हा हसले. तुम्हीही हसलात, टोपी घातलीत आणि खाली बसलात.

त्यानंतर तुम्ही मला पावडरीबद्दल काही बोललाच नाहीत. वाद घातला नाहीत, तक्रार नाही. मी आले की चहा, माझ्या आईची चौकशी, निघताना गाडीत काकड्यांची पिशवी. आणि मिरगाला पट्टी खुंटीला. मला वाटत होतं, मी तुम्हाला टक्केवारी शिकवली. माझा मान राहावा म्हणून तुम्ही वही माझ्यासारखी लिहिलीत आणि वाडीला पाणी मिळावं म्हणून माप तुमच्यासारखं भरलंत. मला माफ करा, भाऊ. हे तुमच्या दहाव्याला नदीवर म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मला माहीतच नव्हतं की म्हणायचं काय आहे.

वहीबद्दल मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. खरं लिहायला हवं होतं. या चुकीतले तेहतीस टक्के तुमचे, बाकीचे माझे.

शेरा मी मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, ग्रामपंचायतीत जाऊन लिहून दिलं की तक्त्यात चूक होती, ती माझी आहे, आणि सुरेखाचं काम बिनचूक आहे. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, एवढं लिहायची काय गरज, नुसतं सुधारित म्हणा. मी म्हटलं, गरज आहे. सुरेखाला कामावर कायम ठेवलंय. नवा तक्ता भिंतीवर आहे. दिवाळी ते मिरग, पट्टी फिरवून, सहाशे ग्रॅम. मिरग ते दिवाळी, शीग लावून. आणि पावडर आता दर महिन्याला तपासायला येणार. सरकारी कागदावर "शीग" हा शब्द बघून आमचे साहेब म्हणाले, हे काय? मी म्हटलं, मोजमाप आहे.

एक गोष्ट राहिली. सव्वीस टक्क्यांनी सूत्र सोडवलं तर उत्तर येतं सातशे एकोणसत्तर. तुमची शीग सातशे पन्नास. एकोणीस ग्रॅम कमी. मी सुरेखाला म्हटलं, आबांना हे एकोणीस ग्रॅम मी सुनावले असते. ती म्हणाली, "मग वरची मूठ?"

"कसली मूठ?"

"माप बादलीत वतलं की वरनं येक मूठ टाकायचे. ती मापात न्हाई धरत."

मी तराजू परत पिशवीतून काढला. ती म्हणाली, ती मूठ कुनी मोजत न्हाई ताई. मी म्हटलं, मी मोजते, माझा स्वभावच तसा आहे. तिने हात तुमच्यासारखा अर्धा मिटून, बोटं वर करून मूठ भरली. बावीस ग्रॅम. म्हणजे तुम्ही तीन ग्रॅम जास्तच टाकत होतात. तीन ग्रॅमने काय होतंय? तुमचाच प्रश्न, तुमच्याच बाजूने.

दुसऱ्या सकाळी आठ वाजता ग्रुपवर फोटो आला. पाणी पिवळं. शून्य पूर्णांक दोन. गुलाब नव्हता, पण ते चालेल.

काल वडगावच्या त्याच हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. पंखे तेच आहेत. मी फळ्यावर सूत्र लिहिलं नाही. आधी तुमचं वाक्य लिहिलं, मिरगानंतर पावडर मरते, आणि सांगितलं की हे मला दहा वर्षांपूर्वी याच खोलीत बबनभाऊंनी सांगितलं होतं आणि मी त्यांना हसले होते. कुणीच हसलं नाही. मागच्या रांगेतून एक जण उठला. म्हणाला, "पर मॅडम, पोत्यावर तर तेहतीस लिव्हलंय."

मी त्याला पुढे बोलावलं. तुमचं माप सोबत नेलं होतं, ते त्याच्या हातात दिलं आणि भरायला लावलं. त्याने भरलं आणि सवयीने पट्टी शोधायला लागला. मी म्हटलं, राहू द्या, शीग लावा. त्याने लावली. बादलीत ओतली. मग म्हटलं, आता वरून एक मूठ.

"ती कशाला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "शेवटच्या नळासाठी."